नॉर्वेचं आवतन

धुळ्यात योगराज सरांचा क्लास आहे. तिथे पोरं देश व्हायला शिकतात. संयुक्त राष्ट्रांची लुटुपुटूची परिषद भरते, एमयूएन म्हणतात तिला. एकेक विद्यार्थी एकेका देशाचा प्रतिनिधी होतो, भाषणं ठोकतो, ठराव मांडतो आणि शेवटी मतदान होतं. ही तयारी करून घेण्यात सरांचा हात धरणारा अख्ख्या खानदेशात नाही. पण ते हे विद्येच्या प्रेमापोटी करतात, असं कुणी समजू नये. त्यांना हितेंद्रचं नाक कापायचं होतं.

अकरा वर्षांपूर्वी जळगावच्या अशाच परिषदेत हितेंद्र अध्यक्षाच्या खुर्चीत होता. नरडाण्याचा योगराज बोलायला उठला, घाबरला आणि इंग्रजी सोडून अहिराणीतच सुरू झाला. हितेंद्र माईकवरून म्हणाला, "हे जागतिक व्यासपीठ आहे, नरडाण्याचा बाजार नव्हे." सभागृह खो खो हसलं. आता हितेंद्र जळगावातल्या एका मोठ्या शाळेची पोरं तयार करतो. योगराज ते हसू अजून विसरलेला नाही, आणि का विसरावं?

यंदा सरांची विद्यार्थिनी भाविका त्याच सभागृहात नेपाळ होती. नद्यांच्या पाणीवाटपाचा तिचा ठराव मंजूर झाला तर ती दिल्लीच्या परिषदेला जाणार होती, आणि हितेंद्रची शाळा हात हलवत घरी. सरांनी तिला घरचीच युक्ती शिकवली होती. लग्नाचं आवतन द्यायला हिंडतात तसं मधल्या सुट्टीत एकेका देशापाशी जायचं.

"बठ्ठास्ले इचार, एकले बी सोडू नको," सर म्हणाले. "एक भाऊबंद रुसना की लगीन बिघडनं समज."

"नॉर्वेले बी?"

नॉर्वे म्हणजे दिपमाला, हितेंद्रची विद्यार्थिनी. सरांचं तोंड कडू झालं. "ती हितेंद्रनी पोर शे. तिकडे देखू बी नको."

भाविकाने पाहिलं नाही. बाकी सगळीकडे हिंडली, पार कोपऱ्यातल्या फिजीपर्यंत. ठरावाला तीसपैकी वीस मतं लागत होती. मागच्या रांगेत सर दात-ओठ खात हात मोजत होते. एकोणीस भरले. पुन्हा मोजले, तरी एकोणीसच.

सभा उठल्यावर दिपमाला आपणहून भाविकाकडे आली. "अगं, तुझा ठराव मला पटला होता. पण तू सगळ्यांकडे गेलीस, माझ्याकडे आलीच नाहीस. मग मी कशाला हात वर करू?"

सर शेजारीच उभे होते. पलीकडे हितेंद्र पोरांना चहाला हाका मारत होता, त्याचं इकडे लक्षही नव्हतं.

भाविकाने नेपाळची पाटी पिशवीत घातली. "सर," ती हळूच म्हणाली, "मी तुमले इचारेल व्हतं."