कापूस कोण जाळतो

नवेगाव बांधच्या बाजारात यासीन मन्सूरीचं गाद्या-रजया भरायचं दुकान होतं. पिंजाऱ्याचा पोरगा, कापूस नाकातोंडात घेतच मोठा झालेला. पण कापसापेक्षा त्याला वाद प्यारा. मशिदीचे हाफिजजी एकदा गादी भरून घ्यायला आले आणि बोलता बोलता सांगून बसले, की हजार वर्षांपूर्वी बगदादकडचे मोठमोठे विद्वान कापसावरूनच हमरीतुमरीवर आले होते. कापूस पेटतो तेव्हा जाळतो कोण, आग की अल्लाह? एक पक्ष म्हणे, आगीत काही दम नाही, दर वेळी अल्लाह जाळतो म्हणून जळतं. दुसरा म्हणे, अल्लाहनंच आगीला गुण दिला अन् माणसाला अक्कल दिली, मग ती वापरा की!

हाफिजजी पहिल्या पक्षाचे. यासीन बसल्या जागी दुसऱ्या पक्षात गेला. झालं, दोघांचे केस पिकले तरी दर जुम्याला नमाजनंतर मशिदीच्या पायरीवर तेच दळण.

"अल्लाहच जाळते, तं मी दुकानात लोकाइले बिडी कायले पिऊ देत नाही?" यासीन विचारायचा.

"तुले तेवढी अक्कल देनं, हेबी त्याचीच मर्जी," हाफिजजी हसायचे.

घरी बायको रुकैयाबी वैतागायची, या माणसाच्या तोंडाला कुलूप लावा म्हणायची.

तर असा हा अक्कलवाला माणूस. बिडीवाल्याला दारातून हाकलायचा, पण दर जुमेरातला, म्हणजे गुरुवारी, सांजच्याला रुकैया निखाऱ्यावर लोबान टाकून दुकानभर फिरायची, त्याबद्दल अवाक्षर नाही. सासू फिरवायची, तीही फिरवायची, बरकतीसाठी. लोबानची कोणाला भीती वाटते?

२००६च्या हिवाळ्यात एका जुमेरातला निखारा उडाला. खाली पिंजलेला कापूस, वर माळ्यावर रजईला टाके घालत बसलेली त्यांची मुलगी नाजिया. तिला उतरताच आलं नाही.

यासीन रडला नाही. मातीला गेला, परत आला, खाटेवर बसला. चहा दिला तर प्यायला. हाफिजजी आले, बिचारे हात धरून बसले, आणि यासीनला तो हात आपला वाटतच नव्हता. चाळिसावा झाला. नवराबायको एका घरात दोन पाहुण्यांसारखे राहत होते.

एका दुपारी तांदूळ निवडता निवडता रुकैयानं विचारलं, "तुमाले सारं समजते. खरं सांगा, कोनं जाळलं माह्या पोरीले?"

आपलं उत्तर यासीनला पाठ होतं. जन्मभर तेच तर सांगत आला होता. आग गुणानं जाळते, आणि ती कुठं नेली याचा जाब माणसाला विचारला जातो. त्यानं तिच्याकडं पाहिलं. मग आयुष्यात पहिल्यांदा तो हाफिजजींच्या पक्षात गेला.

"अल्लाहनं," तो म्हणाला. "आगीत कोनती ताकद आली?"

रुकैयाचा हात थांबला.

"हाफिजजीनं म्हटलं असतं, तं मी मानलं असतं," ती म्हणाली. "तुमी म्हनून राहिले, म्हंजे तुमालेबी मीच जाळलं असं वाटते."

यासीन नाही म्हणाला. पुन्हा एकदा म्हणाला. ती सूप उचलून आत गेली, आणि त्यानंतर त्याचं कुठलंच बोलणं तिनं खरं धरलं नाही.