निळ्या बाळाची आकडी

जीन्सचं बाळ मी मीटिंगच्या टेबलावर ठेवलं आणि ट्रस्टी हसले.

"म्हात्रे ब्रदर, ये क्या, पँट अल्टर करायला आणलीय का?"

मीही हसलो. हसण्यासारखंच होतं ते.

अंबरनाथ पूर्वेच्या एका धर्मादाय हॉस्पिटलात मी मुलांच्या वॉर्डचा इन्चार्ज नर्स आहे. पुरुष नर्सला सगळे ब्रदर म्हणतात. ट्रेनिंगसाठी रबरी पुतळा मागितला होता, तो मंजूर झाला नाही. म्हणून उल्हासनगरला, कॅम्प तीनमधल्या सिंधी घनश्यामभाईंच्या जीन्सच्या कारखान्यात गेलो. त्यांनी चिंध्या आणि तांदूळ भरून लहान मुलाएवढं बाळ शिवून दिलं.

"नाक भी चाहिए क्या, ब्रदर?"

"नाकच चाहिए, साईं."

त्यांनी नाडीच्या भोकांना लावतात त्या दोन पितळी रिंगा चेहऱ्यावर ठोकल्या.

दुपारी ते बाळ ट्रेनिंगच्या खोलीत पडलेलं असायचं. पडदा हलला की त्याच्या छातीवरून सावली सरकायची आणि ते श्वास घेतंय असं वाटायचं. मी कितीदा तरी दारात उभा राहून ते बघितलं आहे. निळा रंग मी निवडला नव्हता, कारखान्यात तोच होता. पण आकडी लांबली की मुलाचे ओठ याच रंगाकडे जायला लागतात.

आकडी आली की मुलाला कुशीवर वळवायचं, तोंडातली लाळ काढायची, ऑक्सिजन लावायचा. पाच मिनिटांत थांबली नाही तर वजनाच्या हिशोबाने नाकात औषधाचा स्प्रे मारायचा. हे सगळं आमच्या नर्सना येतं. पण स्प्रेला डॉक्टरांची ऑर्डर लागते. डॉक्टर वॉर्डात नसतील तर फोन लावायचा आणि फोन उचलला जाईपर्यंत हातात स्प्रे धरून उभं राहायचं.

चाळिशी उलटल्यावर मी मुलांच्या नर्सिंगचा वरचा कोर्स केला. कोर्सने हात तयार झाले, अधिकार मात्र होता तेवढाच राहिला. म्हणून मी हॉस्पिटलकडे स्टँडिंग ऑर्डर मागत होतो. म्हणजे डॉक्टरांनी आधीच सही करून ठेवलेली परवानगी: अमुक लक्षण दिसलं तर ट्रेनिंग झालेल्या नर्सने अमुक औषध द्यावं, फोन नंतर करावा.

हे मला मनीषासाठी हवं होतं. बारवी धरणाकडच्या एका वाडीतली ही लहान मुलगी, तिला आकड्यांचा आजार. मागच्या वेळी ती आली तेव्हा डॉक्टर साने मॅडम एका नवजात बाळाला श्वास देण्यात गुंतल्या होत्या. फोन वाजत राहिला. आकडी थांबल्यावर बराच वेळ मनीषाने आईला ओळखलं नाही. घरी जाताना तिची आई, जानकीबाई, मला म्हणाली, "ब्रदर, परत आली तं परत फोनच लावाचा का?"

मी तिच्या हातात औषधांची पिशवी दिली.

साने मॅडमचा विरोध होता, आणि तो खोटा नव्हता. "डोस जास्त झाला तर श्वास मंदावतो, ब्रदर. उद्या काही झालं तर तुम्ही येणार आहात का माझ्यासोबत कोर्टात?"

"येईन, मॅडम."

"तुम्हाला बोलावणार नाहीत. मलाच बोलावतील."

म्हणून त्या मीटिंगमध्ये कमिटीपुढे जीन्सच्या बाळावर प्रात्यक्षिक ठेवलं. प्रशासकांनी सगळ्यांना मोबाईल सायलेंटवर ठेवायला सांगितले. माझी सर्वांत तयार नर्स, बदलापूरची प्रज्ञा सिस्टर, पुढे आली. मी म्हटलं, "मुलाला आकडी आलीय. पाच मिनिटं झाली. अजून थांबत नाही."

तिने बाळाला कुशीवर वळवलं. तोंड साफ केलं. ऑक्सिजनचा मास्क धरला. एका हातात स्प्रे घेतला. दुसऱ्या हाताने खिशातून मोबाईल काढला आणि साने मॅडमना फोन लावला.

मॅडम तिच्या मागेच खुर्चीत बसल्या होत्या.

त्यांच्या पर्समध्ये घूं घूं व्हायला लागलं. मीटिंग चालू म्हणून त्यांनी पर्स पायाशी सरकवली. खोलीत पिवळं ऊन होतं. प्रज्ञा कानाला फोन लावून खिडकीबाहेर बघत होती. सगळं पाण्याखाली चाललंय असं वाटत होतं. बाळ निळं होतंच.

"मॅडम उचलत नाहीयेत," प्रज्ञा मला म्हणाली. तिने पुन्हा लावला. पर्स पुन्हा गुणगुणली.

आता खरं सांगतो. मी तिला थांबवायला हवं होतं. परवानगी मिळाली असं धरूनच हे प्रात्यक्षिक होतं. पण मला त्यात काही चुकतंय असं वाटलंच नाही. मीही फोन उचलला जायची वाट बघत होतो. इतकी वर्षं प्रत्येक नव्या नर्सला मीच शिकवलं होतं, "आधी फोन." तिच्या हातात तो फोन मीच ठेवला होता.

ट्रस्टी पुढे वाकले. "अरे, पर बच्चे का क्या हुआ?"

कोणी हसलं नाही.

साने मॅडमनी पर्स उघडली, स्क्रीन बघितली आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. "मी तर इथेच होते," त्या हळूच म्हणाल्या. मग उठून बाळाजवळ आल्या. "प्रज्ञा, स्प्रे मारला आणि श्वास मंदावला. काय करशील?"

प्रज्ञाने अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, बाळाच्या तोंडावर बसवली आणि दाबू लागली. एका लयीत. मॅडम बघत राहिल्या.

परवानगी मिळाली, अटींसह. फक्त आकडीसाठी, फक्त मॅडमनी स्वतः परीक्षा घेतलेल्या नर्सना, आणि स्प्रेनंतर लगेच फोन. मी मागितलं होतं त्यापेक्षा बरंच कमी. पण ट्रेनिंगची पहिली ओळ मी बदलली.

पुढे एका दुपारी मनीषा पुन्हा आली. जानकीबाईंच्या खांद्यावर तिचं डोकं आपटत होतं, आकडी वाडीतून निघाल्यापासून चालूच होती. प्रज्ञाने तिला घेतलं, कुशीवर ठेवलं, ऑक्सिजन लावला, वजनाचा तक्ता बघितला आणि स्प्रे मारला.

"डाक्टरला फोन नाय लावला?" जानकीबाईंनी विचारलं.

"लावते हं, मावशी. आधी हिचं बघू दे."

थोड्या वेळाने मनीषाचे हात सैल पडले. मग तिने डोळे उघडले, छताचा पंखा बघितला, आणि म्हणाली, "आई."

प्रज्ञा फोन करायला वळली. वॉर्डातल्या फोनचा रिसीव्हर माझ्या हातात होता. स्प्रेच्या आधीच उचलला होता, नेमका कधी ते मला आठवत नाही. नंबर अर्धा फिरवून झाला होता.

ऑर्डर एका सहीने बदलते. सवयीवर सही चालत नाही. साने मॅडमच्या पुढच्या परीक्षेला मी माझंही नाव दिलं आहे.