सकाळची की सांजची? बाबांबरोबर म्हापशाला

माझा नातू म्हणतो, "आजोबा, ब्लॉगवर तुमचे किल्ले झाले, देवळं झाली, मासे तर तीनदा झाले. आता गोव्याच्या बिअरवर लिहा, लोक तेच शोधत असतात." लिहितो बापडा. पण मी बिअरचा पहिला घोट घेतला १९६३च्या मे महिन्यात. गोवा मोकळा झाल्यानंतरचा तो दुसरा उन्हाळा. त्या घोटाबद्दल लिहायचं तर बाबांबद्दल लिहावं लागतं, आणि तेवढं मी आजवर टाळत आलो. ज्यांना नुसत्या बाटल्यांची माहिती हवी आहे त्यांनी मधले तीन-चार परिच्छेद वाचून निघून जावं, मला राग नाही.

तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा झालेला नव्हता, आम्ही रत्नागिरीत मोडायचो. बाबा मालवणजवळ माडी काढायचे. माडाची पोय, म्हणजे फुलोऱ्याचा न उमललेला कोंब, ती दोरीने आवळून बांधायची, ठोकायची, टोक कापायचं आणि खाली मडकं लावायचं. सकाळ-संध्याकाळ रस उतरवायचा. बाबांची जीभ आमच्या पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. एक घोट घेऊन ते माड कुणाचा, कुठल्या जमिनीतला आणि विकणाऱ्याने पाणी किती घातलंय, सगळं सांगत. पुढे मुंबई राज्यात दारूबंदी आली, गोव्यात ती नव्हती. बाबांनी एका दिवसात अकराही माड सोडले. आमच्याकडे माड सोडणं म्हणजे पोयीची दोरी सोडून मडकं उतरवणं. मग रस बंद होतो आणि माडाला पुन्हा नारळ धरतात. नंतर बाबा काथ्या वळायचे. चोरून काढणारे पुष्कळ होते, बाबा त्यांच्यातले नव्हते. "लपान पियाची माडी न्हय ती," एवढंच म्हणायचे.

त्या वर्षी त्यांच्या जिभेच्या डाव्या कडेला एक क्षत झालं आणि ते बरंच होईना. मी मुंबईत एका पेढीवर कारकून होतो, त्यांना इस्पितळात घेऊन गेलो. डॉक्टर सज्जन माणूस. "अर्धी जीभ काढावी लागेल, वर विजेचा, म्हणजे क्ष-किरणांचा, शेक. जगतील," ते मला म्हणाले, "बोलणं जड होईल. चव राहील असं मात्र मी सांगत नाही." आणि नाही केलं तर, मी विचारलं. यावर त्यांनी नकारार्थी मान हलवली. शस्त्रक्रियेसाठी एक सोमवार दिला. बाबा ऑफिसातली मराठी काढून म्हणाले, "घरी विचारून कळवतो, साहेब."

बोटीने मालवणला आलो. दोन दिवस बाबा काथ्या वळत राहिले. तिसऱ्या दिवशी घरापुढच्या खळ्यात दोरी वळताना म्हणाले, "माका एकदा गोंयात व्हर. उजेडात बसान पियाक व्हयी. मगे काय ता सांगतंय."

मी आईकडे पाहिलं. तिचा जीव टांगणीला लागलेला. "व्हर तेंका," ती म्हणाली, "पण परत घेवन ये."

मला खरं तर भीती वाटत होती. हा माणूस तिकडे एकदा पोटभर माडी पिईल आणि म्हणेल, बस, झालं माझं, आता कापू नका. तरीही गुरुवारी पहाटेची एस.टी. धरली.

आज मालवणहून म्हापसा म्हणजे दोन-अडीच तासांचं काम. आम्हाला निम्म्याहून अधिक दिवस लागला. कट्ट्याला गाडी थांबली तेव्हा चहा घेतला, बाबांनी तो बशीत ओतून अगदी गार करून प्यायला. कुडाळला गाडी बदलली. पिंगुळीला बाहुल्यांचं गाठोडं घेऊन एक म्हातारा चढला, गाठोड्यातून एक लाकडी हात बाहेर आलेला. बाबांनी तो हळूच आत सरकवला. सावंतवाडीला खाणावळीत मला सुरमई मिळाली, बाबांनी दहीभात खाल्ला. तिखट जिभेला लागत होतं. पुढे इन्सुलीच्या दारू तपासणी नाक्यावर जाताना कोणी काही विचारत नाही, विचारतात ते येताना. बांद्याच्या पुढे हद्द ओलांडली आणि खासगी मोटारीने, उन्हं कलायच्या आत, म्हापशाला पोचलो.

बाजाराच्या कडेला एका विधवा ख्रिस्ती बाईचं दुकान होतं. तीन टेबलं, लाकडाच्या भुशात ठेवलेला बर्फ, काचेच्या कपाटात बाटल्या. बाबा दारात थबकले. भर दिवसा, रस्त्याकडे तोंड करून, खुर्चीवर बसून प्यायचं याची त्यांची सवयच गेली होती. मी हात धरून आत नेलं.

माडी दुकानात मिळत नाही, बिअर आहे, असं बाईंनी सांगितलं. बाबा म्हणाले, हरकत नाही, तीही बघू. पोर्तुगालची, हॉलंडची आणि बंगळूरकडची अशा तीन निरनिराळ्या मागवल्या. किंमत विचाराल तर तीन बाटल्यांत माझा आठवड्याचा डबा झाला असता.

बाबांनी पोर्तुगालची बाटली उचलून आधी कानाला लावली. माडीचं मडकं ते असंच ऐकायचे, आतली बारीक चुरचुर ऐकून माडी किती चढली ते त्यांना कळायचं. बाटली गप्प. "हेच्यात जीव नाय," ते म्हणाले. बाईंनी टोपण उघडलं, फस्स आवाज झाला. "आसा, आसा," म्हणत ते पुढे झुकले आणि त्यांनी तो प्रश्न विचारला जो जगात दुसऱ्या कोणी बिअरबद्दल विचारला नसेल. "बाये, ही सकाळची की सांजची?"

बाईंना वाटलं, म्हातारा दुकानाची वेळ विचारतोय. "आमचें दीसभर उक्तें आसता," त्या म्हणाल्या.

"तसा नाय. काढली कधी?"

बाईंनी बाटली फिरवून कागद पाहिला. "हांव कितें जाणा, बाबा? ही बोटीन येता."

बाबांनीही बाटली फिरवून पाहिली. सकाळची माडी गोड, सांजेची आंबूस, आणि दुसऱ्या दिवशीची फेकून द्यायची, हा त्यांच्या आयुष्याचा हिशेब. कुणी काढली, कधी काढली हे ठाऊक नसताना लोक ती पितात आणि पैसे देतात, हे त्यांना पटेना. मला हसू येत होतं आणि गलबलूनही येत होतं.

मग ते प्यायले. मान उजवीकडे कलती करून, घोट चांगल्या बाजूने आत घेत. फेस जखमेला झोंबत असणार, कारण दर घोटाला टेबलावरची बोटं आवळली जात. तरी त्यांनी तिन्ही नीट चाखल्या आणि मी वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. पोर्तुगालची: "कडू, पण खोटी नाय." हॉलंडची, हिरव्या बाटलीतली: "हेचा पाणी बरां. पण ही उन्हात रवलेली." आणि खरंच, ती बाटली कपाटाच्या खिडकीकडच्या बाजूची होती. पुढे कितीतरी वर्षांनी मी वाचलं की हिरव्या काचेतून ऊन लागलं की बिअरचा वास बिघडतो. बंगळूरची, तपकिरी बाटलीतली: "घायत केलेली. हेका वायच निजाक दिला असता तर बरी झाली असती." तेव्हा वाचकहो, तपकिरी बाटली घ्या आणि काचेच्या कपाटातली घेऊ नका. एवढा सल्ला अजूनही चालतो.

मीही तिन्हींतले घोट घेतले. मला तिन्ही सारख्याच कडू लागल्या. इतक्या तयार जिभेचा बाप आणि मुलाला बाटल्या ओळखता येत नाहीत, याची मला लाज वाटली.

बाईंनीच शिवोलीच्या वाटेवरच्या कायतान नावाच्या माणसाचा पत्ता दिला. तिकडे माडी काढणाऱ्याला रेंदेर म्हणतात. आम्ही पोचलो तेव्हा तो माडावर होता, वरून पोय ठोकल्याचा आवाज येत होता. बाबा खाली उभे राहून ऐकत राहिले. तेरा-चौदा वर्षांनी तो आवाज ते उघड्यावर ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

कायतान उतरला. पन्नाशीचा, पायांना घट्टे. "खंयचो रे तूं?"

"मालवणचो. मियां पण माड काढी होतंय."

एवढं पुरे झालं. त्याने करवंटी धुऊन आणली, माडी ओतली. बाबांनी दोन थेंब जमिनीवर सांडले, जागेच्या राखणदाराला. ते पाहून कायताननेही छातीवर क्रूस काढला. बाबांनी घोट घेतला, डोळे मिटले. "खाऱ्या पाण्याकडचो माड. कुंपणाच्या भायलो."

"व्हय मरे," कायतान म्हणाला आणि खाली बसला. खाडीच्या काठचा, कुंपणाबाहेरचा तो शेवटचा माड होता.

करवंटी माझ्या हातात देऊन बाबा म्हणाले, "चाख आनी सांग."

"आंबट," मी म्हटलं.

"आंबट ता सगळेच म्हणतत. मागसून काय येता ता सांग."

मी पुन्हा घोट घेतला. मागून काहीतरी येत होतं, पावसाळ्यात भिजलेल्या सुंभासारखं, आणि त्याच्यामागे बारीक खारट. मी तसं सांगितलं. त्यांनी मान डोलावली. तेवढ्यावर मी खूश झालो.

मग बाबा त्या माडाकडे गेले, बुंध्यावर तळवा ठेवून वर बघत राहिले. "हेका किती वर्सां बांधलंस?"

"चार. एक दीस चुकूंक ना."

"मान बारीक झाली हा हेची. सोड हेका."

"सोडल्यार रोस वचत मरे."

"रोस जातलो," बाबा म्हणाले. "माड रवतलो."

कायतानने त्यांच्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं, आणि बरं म्हणाला. रस गेला तरी माड राहील, हे मला तेव्हा दोन कसबी माणसांचं आपसातलं बोलणं वाटलं. आम्ही त्याच्याच पडवीत झोपलो. त्याच्या बायकोने बाबांसाठी मऊ पेज केली, पैसे घेतले नाहीत.

सकाळची माडी गोड होती, शहाळ्याला जरासा डंख असावा तशी. बाबांनी एकच करवंटी घेतली. मी आणखी विचारलं तर त्यांनी ती पालथी घातली. "पुरे रे."

परतीच्या वाटेवर मी सारखं विचारायचं ठरवत होतो आणि तोंड उघडत नव्हतं. इन्सुलीला सगळ्यांना खाली उतरवलं. पिशव्या तपासल्या, आमच्यात काही नव्हतं. एक हवालदार बाबांजवळ येऊन थांबला. वास आलाच असणार.

"घेतलीय?"

"होय साहेब. तिकडे. आज सकाळी." बाबांना खोटं बोलता येत नसे, आणि आता तर त्यांना ते बोलायचंही नव्हतं.

"तोंड उघडा."

बाबांनी तोंड उघडलं. हवालदार वास घ्यायला वाकला आणि तसाच थांबला. सकाळच्या उन्हात जिभेची ती कड स्वच्छ दिसत होती. तो दोन पावलं मागे सरला. मघाचा करडा आवाज गेला. "दवाखान्यात दाखवलंत?"

"दाखवलं, साहेब." बाबांनी तोंड मिटून उपरण्याने ओठ पुसले. "सोमवारी कापणार आहेत."

हवालदार म्हणाला, "जावा. गाडीत बसा." मी तिथेच उभा होतो. दोन दिवस ज्या उत्तराची वाट पाहत होतो ते बाबांनी मला सांगितलं नाही, एका परक्या माणसाला सांगितलं, तेही ऑफिसातल्या मराठीत. गाडीत बसल्यावर मला रडू आवरेना. बाबा खिडकीबाहेर पाहत राहिले. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला तो सावंतवाडी येईपर्यंत काढला नाही.

आता तिकडे जाणाऱ्यांसाठी. हमरस्ता मोठा झाला आहे, नाका अजून आहे. शिवोलीच्या वाटेवर आता माडी काढणारा शोधावा लागतो. मिळाला तर सकाळी लवकर जा आणि घाई करू नका. बिअर म्हणाल तर आता गोव्यात घरगुती कारखान्यांच्या डझनभर तऱ्हा मिळतात. बाटलीवर तारीख असते, काहींवर तर बनवणाऱ्याचं नावही असतं. ते वाचून मला बरं वाटतं. नातवाबरोबर मी त्या चाखतो, मागून काय येतं ते त्याला सांगतो, आणि तो मला थोर समजतो. मी काही थोर नाही. बाबांनी हो म्हणावं अशी माझीच घाई होती, आणि त्या हो मधून त्यांचं काय गेलं याचा विचार मी फार उशिरा केला.

शस्त्रक्रिया झाली. बाबा अकरा वर्षं जगले. पहिल्यांदा घरी आले त्या दिवशी आईने बांगड्याचं पातळ सार केलं आणि गडबडीत मीठ घालायचीच विसरली. पहिल्या घासालाच मला कळलं, तिलाही कळलं. बाबा खाली बघून जेवत होते. निम्मा भात संपवून, जड झालेल्या शब्दांत, म्हणाले, "बरां झाला हा."

आमचे हात थांबलेले त्यांनी पाहिले. "काय झाला?"

शेवटी मीच म्हटलं, "मीठ नाय पडला, बाबानू."

ते उठले. मिठाची वाटी घेऊन आले. एक चिमूट आईच्या ताटात घातली, एक माझ्या. मग आपल्या ताटापाशी बसले, जरा वेळ थांबले, आणि एक चिमूट स्वतःच्याही भातावर घातली.