बुजवलेली भोकं

चूक माझीच. बायकोच्या रियाजाच्या खोलीत भिंतींना लावलेल्या लाकडी फळ्यांची बारीक भोकं मी पुट्टीने बुजवली. म्हटलं, "यांतूनच आवाज शेजारी जातो." मग खोली घुमू लागली, सूर एकमेकांवर आदळू लागले आणि तिने गाणंच थांबवलं.

काल शेजारच्या काकू तिला म्हणाल्या, "गाणं का बंद गं? आमच्या चहाला चवच राहिली नाही!"

आज दाभणाने भोकं मोकळी केली, तेव्हा फळ्यांमागचा मऊ थर दिसला. ही भोकं आवाज बाहेर सोडत नव्हती, नको तो घुमारा पोटात घेत होती. आमच्या संसारात हे काम बायकोच करत आलीय.

तिने सा लावला. तो स्वच्छ उमटला, आणि भिंतीपलीकडून काकूंचं "वाहवा!" आलं. मी म्हणालो, "चुकलो गं. शेजाऱ्यांचं नुसतं निमित्त होतं, संकोच मलाच वाटत होता."