मिठागरातलं स्वावलंबन

आत्माराम पेडणेकरांनी विमा कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि आचोळ्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांना एक तत्त्वज्ञ मिळाला. नोकरीत असताना ते घरी फक्त झोपायला येत. आता दिवसभर समोर बसून साध्या राहणीबद्दल बोलू लागले. मिक्सरमुळे चटणीचा आत्मा जातो, टीव्हीमुळे माणसाचा. त्यांच्या पत्नी सुमेधावहिनी हे ऐकताना मिक्सर लावत, म्हणजे पुढचं ऐकू येत नसे.

शेवटी त्यांनी जाहीर केलं, की आपण वीज आणि नळ सोडून एकटे राहणार. जागाही हेरली होती. त्यांच्या ऑफिसातला जुना मित्र बर्नार्ड जवळच्या गास गावचा. त्याच्या घराण्याचा एका मिठागरात वाटा होता आणि तिथे बांधावर राखणदाराची एक रिकामी खोपी होती. चार पत्रे, एक दार, एक बाज. आजूबाजूला नजर पोचेल तिथवर पांढरंफटक आगर, सावलीला झुडूप नाही. "प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी वाळवंटात राहावं," असं आत्माराम सोसायटीच्या सभेत म्हणाले. सेक्रेटरीने शाल आणि नारळ दिला. वहिनींनी सगळ्यांपेक्षा जास्त वेळ टाळ्या वाजवल्या. तिला आपला हेवा वाटतोय, असं आत्मारामांना वाटलं.

संक्रांत झाली आणि ते खोपीत राहायला गेले. पहिली सकाळ फार पवित्र गेली. दुपारी ऊन वरूनही आलं आणि मिठावरून उलटून खालूनही आलं. पत्रा तव्यासारखा तापला. मग ते खोपीच्या सावलीत बसले. सावली सरकली की तेही बुडाखालचं पोतं घेऊन सरकत. दिवसभरात खोपीला एक प्रदक्षिणा होई. याला ते सूर्याच्या लयीत जगणं म्हणत.

मिठागरात प्यायचं पाणी नसतं, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. अशा गोष्टी आजवर दुसरं कोणीतरी लक्षात ठेवत आलं होतं. इथे ते काम बर्नार्डच्या बायकोकडे, क्लेमेंटीनकडे आलं. वाडीतली फुलं खुडून, बाजारात पोचवून ती सायकलच्या कॅरियरला पाण्याचा कॅन बांधायची आणि बांधावरून खोपीपर्यंत आणायची. आत्मारामांनी स्टोव्हवर रांधलेला कच्चा भात तिने एकदा पाहिला आणि दुसऱ्या दिवसापासून कॅनसोबत डबाही येऊ लागला. बोंबलाचं कालवण त्यांना विशेष आवडे. तिला मात्र ते कधी 'बस जरा' म्हणाले नाहीत, कारण तिच्या येण्याची वेळ त्यांच्या चिंतनाची असे.

तिथल्या एका साप्ताहिकाने त्यांची 'माझं स्वावलंबन' ही लेखमाला सुरू केली. आगराच्या वाऱ्यात बसून, तृप्त पोटाने, ते गरजा कमी करण्यावर लिहीत. मग वाचक भेटायला येऊ लागले. आचोळ्याची मंडळी तर दर रविवारी येत आणि येताना वडे आणत.

अशाच एका रविवारी खोपीसमोर बरीच माणसं जमली होती. चर्चमधली मिस्सा आटोपून क्लेमेंटीन ठेवणीतल्या साडीत, कॅन घेऊन आली आणि बोलणं चालू आहे म्हणून मागेच उभी राहिली. आत्माराम सांगत होते, की इथे आल्यापासून मी कोणावरही अवलंबून नाही, माणसाला खरं तर काहीच लागत नाही. एका बाईंनी विचारलं, मग पाण्याचं काय करता?

आत्मारामांनी डोळे मिटले. "मिळतं," ते म्हणाले. "निसर्ग देतो."

क्लेमेंटीनने कॅरियरवरून अर्धा सोडलेला कॅन पुन्हा घट्ट बांधला. "मग उद्यापासून निसर्गालाच सांगा," असं शांतपणे म्हणून तिने सायकल वळवली. ती बांधावरून लांबवर दिसेनाशी झाली. मग त्या बाईंना घरी पाहुणे येणार असल्याचं आठवलं, आणि हळूहळू सगळ्यांनाच काही ना काही आठवलं.

बायकांचा राग टिकत नाही, अशी आत्मारामांची समजूत होती. दुसऱ्या दिवशी ते दुपारपर्यंत बांधाकडे बघत बसले. तळाशी उरलेलं पाणी संपलं, ओठांवर मीठ जमलं. ऊन उतरल्यावर ते चालत बर्नार्डच्या दारात गेले. क्लेमेंटीनने तांब्या पुढे केला, रिकामा झाला तसा पुन्हा भरला. बर्नार्ड आपल्या चपलांकडे बघत होता. तिथूनच आत्मारामांनी घरी फोन केला. वहिनी "या" म्हणाल्या.

घरी पोचले तर त्यांच्या पलंगाच्या जागी शिलाई मशिनं लागलेली आणि बायका ब्लाऊज बेतत बसलेल्या. वहिनींची तब्येत सुधारली होती. सोसायटीचा टँकर नुकताच आला होता. वहिनींनी त्यांच्या हातात दोन कळश्या दिल्या.

"तिसऱ्या मजल्यावर?" आत्मारामांनी विचारलं.

"तुम्ही दोन-तीन महिने नळाशिवाय काढलेत," वहिनी म्हणाल्या. "या बिल्डिंगमध्ये आम्ही बायका पहिल्यापासून तेच करतोय. तुम्ही ऑफिसात असायचात."

आत्माराम पाणी भरू लागले. साप्ताहिकाने पुढचा लेख मागितला तेव्हा त्यांनी पाठदुखीचं कारण दिलं, आणि त्यांनी दिलेल्या कारणांतलं ते एकच खरं होतं.

पुढे एका रविवारी ते पेढे घेऊन गासला गेले. क्लेमेंटीनची माफी मागायची होती. सुरुवात बरी झाली, पण दोन वाक्यांतच ते कृतज्ञता या विषयावर आले, तिथून अहंकारावर, आणि मग त्यांचा आवाज सभेतल्यासारखा लागला. क्लेमेंटीनने पेढ्यांचा पुडा घेतला, तोंडात एक टाकला आणि उरलेला मोगरा खुडायला वाडीत निघून गेली. पुढचं सगळं बर्नार्डने ऐकून घेतलं.