मिलला लावलेली गिटार

माझ्या गिटारीला पाचच तारा आहेत. खुंट्या मात्र सहा. पहिली दोन वर्षं मला वाटायचं की सहावी खुंटी जादा दिलेली असते, सदऱ्याच्या आतल्या बाजूला एक जादा गुंडी शिवून देतात तशी.

ती आमच्याकडे आली एका भाडेकरूमुळे. आमच्या पुढच्या खोलीत बँकेत नोकरी करणारा एक माणूस राहायचा. त्याची बदली झाली, सामान बांधून झालं आणि गिटार उरली. "ठेवा वहिनी, कुणाच्या तरी कामी येईल," म्हणाला. आमच्या घरच्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, तिला उलटंपालटं करून पाहिलं, पोटाच्या भोकात हात घालून पाहिला आणि निकाल दिला, "बियाणं ठेवाले बरी होती. पन तोंड लहान आहे."

भाडेकरू निघाला तेव्हा मी दाराआडून एवढंच विचारलं, "हिला सुरू कसं करतात?" तो हसला नाही, याचं मला अजून बरं वाटतं. म्हणाला, "आधी सूर लावायचा. न हलणारा एक आवाज धरायचा, जाड तार त्याला मिळवायची, मग बाकीच्या तारा त्या तारेला जोडायच्या." तेवढ्यात ऑटो आला आणि तो गेला. एवढीच माझी शिकवणी.

न हलणारा आवाज आमच्या घरात एकच आहे. मागच्या भिंतीपलीकडे राईस मिल आहे. मी तिथेच कामाला जाते. आम्ही बाया कनकी, म्हणजे तुटका तांदूळ, चाळतो, तांदळातले खडे वेचतो. तीन वाजता आमची सुटी होते, पण मिल दिवस मावळेपर्यंत म्म्म्म करत असते. मी घरी येऊन त्या भिंतीला पाठ लावून बसले. मिलचा आवाज पाठीतून आत येतो. जाड तार थोडी थोडी पिळत गेले आणि एक जागा अशी आली की तार कोणती आणि मिल कोणती ते कळेना. माझ्या अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशी पाहते तर तार उतरलेली. मी पुन्हा पिळली. संध्याकाळी चढलेली. पुन्हा सैल केली. मला वाटलं गिटारीचा स्वभावच तापट आहे. असे दोन महिने गेले. शेवटी घरचे म्हणाले, "रोज तिचे कान पिळून राहिली तू. तिनं केलं तरी का?"

गिटारीनं काही केलं नव्हतं. हलत होती ती मिल. धान ओतलं की तिचा आवाज खाली बसतो, रिकामी झाली की वर चढतो, लाईट कमी आली की पार कण्हायला लागते. इतकी वर्षं तिच्या पोटात काम करते मी, पण कान दिला नव्हता. मग मी ठरवलं की धान ओतून थोडा वेळ झाला, म्हणजे मिल जेवून शांत झाली, की तेव्हाचा आवाज धरायचा. तेव्हापासून आमच्या तिघींचं जमलं, मिलचं, गिटारीचं आणि माझं.

तारांना मी नावं ठेवली. सगळ्यात जाड ती ठोकळ, सगळ्यात बारीक ती कनकी, कारण तुटायची भीती तिचीच. मोबाईलवर एक मुलगी गिटार शिकवते, तेही पाहिलं. तिनं बोटं ठेवली तिथे मी ठेवली. तिच्या गिटारीत लग्न लागलं आणि माझ्या गिटारीत भांडण. माझ्या तारा माझ्याच मनानं जोडलेल्या, त्यांना त्या मुलीचा कायदा कसा लागू होणार? मग मी आपल्या जागा आपणच शोधल्या. जिथे गोड वाटलं तिथे लाकडावर टिकली चिकटवली. आता तिच्या मानेवर नऊ टिकल्या आहेत, लाल आणि मरून. घरचे म्हणतात, तुझ्यापेक्षा तीच जास्त नटते.

मला वाटतं, लाजणाऱ्या माणसासाठी हेच वाद्य बरं. पेटी वाजवणाऱ्याला लोकांकडे तोंड करून बसावं लागतं. ढोलकीवाल्याला तर मान हलवून दाखवावी लागते. गिटार मांडीवर घेतली की खालीच पाहावं लागतं आणि कुणी म्हणत नाही की बाई, मान वर कर. आवाजही तिचा दोन हातांपुढे जात नाही. तिला कुणी ऐकावं अशी तिची इच्छा दिसत नाही.

माझी मात्र होती. हे कुणाला सांगितलं नव्हतं.

आमच्या मिलच्या बायांचं भजन मंडळ आहे. दर मंगळवारी चार वाजता देवळात बसतो. मी मागच्या ओळीत बसते आणि नुसते ओठ हलवते. सात वर्षं हलवत होते. माझा आवाज बाहेर आला की मला तो दुसऱ्याच बाईचा वाटतो आणि ती बाई मला आवडत नाही. पण सगळ्या एका सुरात वर चढतात तेव्हा वाटायचं, यात एक धागा आपलाही असावा. एकदा तरी.

पेटीवर एक रिटायर गुरुजी बसायचे. ते दर मंगळवारी वैतागायचे. "बायांनो, तुम्ही काळ्या पट्टीत नाही अन् पांढऱ्या पट्टीतही नाही. मधल्या लाकडात गाऊन राहिल्या!" बाया हसायच्या. मी हसत नव्हते, कारण मला कारण माहीत होतं. घरी गिटार घेऊन बसले की देवळातली ती गाणी माझ्या तारांवर बरोबर बसायची. आम्ही सगळ्या दिवसभर त्या मिलमध्ये गुणगुणत काम करतो. आमचा सूर मिलचा होता. गुरुजींच्या पेटीत मिल नव्हती.

यंदा थंडीत बोदलकसा तळ्याजवळच्या एका गावातून सप्ताहाचं बोलावणं आलं. दुपारचं भजन आमचं. आणि नेमके गुरुजी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे गोंदियाला गेले. चाळणीवर बसल्या बसल्या आमच्या मोठीमायनं विषय काढला. मोठीमाय म्हणजे आमच्यातली सगळ्यात जुनी बाई, मिलमध्ये तिचाच हुकूम आणि भजनातही तिचाच.

"ढोलकी आहे, टाळ आहेत. पन सूर कोन देईन?"

मी म्हटलं, "माझ्याकडे गिटार आहे." मिलच्या आवाजात कुणालाच ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा म्हटलं, शेजारणीला वाटलं मी खोकले. म्हटलं आता शेवटचं, आणि जोर लावला. त्याच क्षणी लाईट गेली, मिल गप्प झाली आणि माझी आरोळी पत्र्यापर्यंत गेली, "माझ्याकडे गिटार आहे!" पोती वाहणारे हमालसुद्धा थांबून पाहायला लागले.

मोठीमाय चाळणी खाली ठेवून म्हणाली, "मंग बोंबलते कायले? आन."

सकाळी मिल जेवून शांत झाली तेव्हा मी सूर लावला, गिटार धुतलेल्या बारदान्यात गुंडाळली आणि आम्ही ऑटोत बसलो. मोठीमाय पुढे, आम्ही सात जणी मागे, गिटार माझ्या मांडीवर. रस्ता कसा आहे ते तिकडच्या लोकांना माहीत आहे. वरून ऊन.

मंडपात बारदाना काढला तशी शेजारीण म्हणाली, "अगं माय, हिनं गिटारीले टिकल्या लावल्या!" पुढच्या बाया माना उंचावून पाहायला लागल्या. मी मान खाली घातली आणि ठोकळला बोट लावलं.

भद्द.

पाचही तारा उतरल्या होत्या. मी पिळायला हात नेला आणि थांबले. कशाला मिळवायची? तिथे मिल नव्हती. तळं होतं, आणि तळ्याला कसला आवाज? समोर शंभरेक माणसं. मनात आलं, गिटार पुन्हा गुंडाळावी आणि पुन्हा ओठ हलवावे, कुणाचं काय जातं?

"लाव ना वं," मोठीमाय कुजबुजली.

"मिल नाही," मी म्हटलं.

"काय नाही?"

"मिल. मी मिलवर लावते."

मोठीमायनं माझ्याकडे पाहिलं, गिटारीकडे पाहिलं. मला वाटलं आता शिव्या बसणार. तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "मंग तू हो ना मिल. रोज तं ऐकते."

मी डोळे मिटले. म्म्म्म. आवाज निघाला, त्या दुसऱ्या बाईचा. थोडा कापत होता. शेजारणीनं लगेच त्याला आपला जोडला. मग तिच्या पलीकडचीनं. मग सगळी ओळ. फक्त मोठीमायनं बोट वर केलं, "अशी नाही वं. ही रिकामी मिल झाली. धान टाकल्यावरची करा." आम्ही सगळ्या जरा खाली आलो. बसली! हुबेहूब बसली. आठ बायांची ती मिल चालू होती आणि मी एकेक तार पिळत होते, ठोकळपासून कनकीपर्यंत.

डोळे उघडले तर समोरची माणसं हात जोडून बसली होती. एका म्हाताऱ्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली होती. शेजारच्याला सांगत होता, "ओंकार चालू आहे."

तिथून सरळ भजन सुरू झालं. मधे थांबायला जागाच मिळाली नाही, त्यामुळे माझं तोंडही मिटायचं राहून गेलं. दुसऱ्या ओळीत माझ्या लक्षात आलं की मी गात आहे. तोवर परत फिरायला उशीर झाला होता. ती बाई ऐकायला तितकीशी वाईट नव्हती.

जेवणाच्या पंगतीत तो म्हातारा शोधत आला. "बाई, सुरुवातीचं ते लय छान होतं. कोनत्या देवाचं होय जी?"

मोठीमायच्या तोंडात घास होता. "आमच्या राईस मिलचं," ती म्हणाली.

परतीच्या ऑटोत सगळ्या पेंगत होत्या. गिटार पुन्हा बारदान्यात. पुढच्या सीटवरून मोठीमाय मागे न पाहताच म्हणाली, "सात वर्सं नुसते ओठ हालवून राहिली होती तू. आमाले दिसत नव्हतं का?"

मी पुढे वाकले. "मंग बोलल्या नाही काऊन?"

"कायले बोलू? ओठ बराबर सुरात हालत होते."