पूजेतला पंप

आमच्या इंदूरच्या सरकारी वर्कशॉपचे किस्से म्हणजे गाड्यांतून निघालेले जुने नट-बोल्ट. डबा रिकामा करावा, तर महिन्याभरात परत भरलेला! मी तिथे क्लार्क. काम फायलींचं, पण जीव सगळा बाहेर शेडमध्ये. त्यातले त्या परदेशी गाडीचे तेवढे सांगतो, मग तुम्ही घरी जायला मोकळे.

*

नवा मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली आणि आमच्या वाट्याला आली ही गाडी. मागे सामान, पुढे साहेब आणि स्टिअरिंग हायड्रॉलिक! तेलाच्या जोरावर चाकं वळायची. एका बोटानं फिरवून बघायला शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या पलासियाहून लोक यायचे.

गाडी मिळाली कदमांना. कदम आमचे ड्रायव्हर, आजोबा संस्थानच्या घोडदळात. कुस्तीत यांचा उजवा खांदा निखळला, तो पुन्हा धड बसलाच नाही. जड गाडी वळवली की रात्रभर कण्हायचे. या गाडीवर मात्र माणूस खुलला. म्हणायचे, "आजोबांचा घोडा नुसत्या मांडीच्या इशाऱ्यानं वळायचा. ही त्याचीच नात, भिया!"

*

मग एक दिवस स्टिअरिंगचा पंप गळायला लागला. कदमांचं तोंड उतरलं. ही गाडी बंद म्हणजे हातात ट्रक, आणि ट्रक झेपला नाही की फाटकावर चौकीदारी. "स्टुलावर बसून सलाम ठोकू? त्यापेक्षा घरी बसेन," म्हणाले. फार वाईट वाटलं हो.

आमचे पवार मिस्त्री आणि मी तो पंप घेऊन सियागंजला, सुट्या भागांच्या बाजारात गेलो. दुकानदारानं उलटासुलटा करून पाहिला आणि ऐटीत म्हणाला, "मिल जाएगा भिया, सियागंज में सब मिलता है!"

जरा थांबून त्यानं विचारलं, "वैसे ये है क्या?"

*

शेवटी नवा पंप मुंबईहून मागवला. तो आला नेमका खंडेनवमीच्या सकाळी. पवारांनी जुना आदल्या दिवशीच उतरवून पाइपांना बुचं मारून ठेवली होती. नवा बसवला की झालं! पण त्या दिवशी आमच्याकडे पाने-हातोड्यांची पूजा. एकदा हळदकुंकू वाहिलं की दसरा उजाडेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. ते एक वेळ ठीक, पण पवारांनी भक्तिभावानं नवा पंपही पाटावर मांडला आणि वर झेंडूची माळ घातली!

मी म्हटलं, "अहो, पार्टची कसली पूजा?"

"जोशीजी, मुंबईहून पाहुणा आलाय. त्याला बाहेर कसं ठेवायचं?"

*

तासाभरात भोपाळचे साहेब हजर! कुणीतरी कदमांच्या खांद्याची चुगली केलेली. "कदमजी, गाड़ी चलाकर दिखाइए. हातोद तक चलते हैं."

पंपाविना स्टिअरिंग म्हणजे दगड. धडधाकट ड्रायव्हर जोर लावून तोही वळवतो, तेव्हा पंप नाही म्हणून वळत नाही असं सांगणं, म्हणजे खांद्याची कबुलीच! कदम पांढरेफटक. मी पवारांकडे बघितलं. पवारांनी पाटाकडे बघितलं आणि हात जोडले.

नशीब, आमचं फाटक हातोदच्या रस्त्यावरच उघडायचं आणि गाडी तिकडेच तोंड करून उभी होती. चालत्या गाडीचं स्टिअरिंग तसं हलकं. आम्ही दोघं मागे बसलो आणि कदमांनी दात-ओठ खात डाव्या हातानं हातोदपर्यंत नेली. पण परतायला तिथे धान्याच्या मंडीत उभ्या गाडीचं तोंड फिरवायचं कसं?

मी साहेबांना चहाला ओढलं. "यहाँ की चाय तो पीनीच पड़ेगी सर!" आणि गाडीकडे पाठ करून बसवलं. पवार धावले हमालांकडे. ज्वारीची पोती झेलणारे गडी ते. सगळ्यांनी मिळून गाडीचं नाक उचललं आणि हां हां म्हणता इंदूरकडे करून ठेवलं!

साहेब आले. गाडीभोवती एक चक्कर मारली. जमिनीकडे पाहिलं, धापा टाकणाऱ्या हमालांकडे पाहिलं आणि आत बसले.

वर्कशॉपला पोचल्यावर त्यांनी उभ्याउभ्याच 'फिट' असा शेरा मारला. कदमांच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही. साहेब पाटासमोर गेले, माळ घातलेल्या पंपाला नमस्कार केला आणि जाता जाता म्हणाले, "कदमजी, क्या टर्निंग है आपकी! धूल में पहिए का निशान तक नहीं!"